तेविसावी स्लाइड

"त्यांना सांग, कॉलेजचं प्रोजेक्ट आहे," शिरगावकर म्हणाले. "कंपनीचं नाव मध्ये आणू नकोस."

"पण सर, प्रोजेक्ट कंपनीचंच आहे ना?"

"दोघांचंही आहे. तुला मार्क मिळणार आहेत की नाही? मग यात खोटं काय आहे?"

शिरगावकर त्या कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर. माणूस सौम्य, आवाज कधी न चढवणारा. मी पुण्याच्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, आठ आठवड्यांच्या समर इंटर्नशिपसाठी कोल्हापूरजवळच्या या औद्योगिक वसाहतीत आलेली. दोन हजार अकराचा एप्रिल होता. माझ्या गळ्यात इन्स्टिट्यूटनं दिलेलं, दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच होतं. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यात बोअरवेलचे पंप बनत. पंपाच्या मोटारीत स्टेटर नावाचा एक जाड पोलादी नळकांड्यासारखा भाग असतो, त्याला आतल्या बाजूनं खाचा असतात. त्या खाचांमधून प्लास्टिकचं वेष्टण असलेली तांब्याची तार भरायची. हे काम यंत्रावर होत नाही. दोन बायका नळकांड्याच्या दोन टोकांना बसतात. एकीनं तार ढकलायची, दुसरीनं ओढून घ्यायची आणि पुढच्या खाचेतून परत पाठवायची. एका स्टेटरमध्ये असे शेकडो फेरे. अशा सहा जोड्या होत्या, बाराही बायका ठेकेदाराच्या, दर तीन महिन्यांनी ज्यांचा करार पुन्हा होई अशा. एका पाळीत एका जोडीचे किती स्टेटर व्हायला हवेत, हे मला मोजून काढायचं होतं.

मी त्यांच्या वाइंडिंगच्या, म्हणजे तार भरायच्या शेडमध्ये गेले आणि सांगितल्याप्रमाणे बोलले. माझं नाव शर्वरी लेले, मी शिकते, हे कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी फक्त वेळ लिहिणार.

"ह्याचं मार्क मिळत्यात व्हय तुला?" तिसऱ्या जोडीतली बाई म्हणाली. शालन मगदूम. वय चाळिशीच्या पुढे, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं ठसक्याचं. तिथल्या बऱ्याच बायका करतात तसं ती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोले, आलो, गेलो, खाल्लो.

"हो, शंभर मार्कांचं आहे."

"मंग तू बिनघोर बस. मी बघतो."

तिच्या समोरच्या टोकाला मालनबाई खोत बसायच्या. पन्नाशीच्या, किडकिडीत. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं होतं, चौदा वर्षं तार ओढून. त्या मला 'तुम्ही' म्हणत. मी कितीदा नको म्हटलं, तरी म्हणत.

आठ दिवस मी वेळ मोजली. एक स्टेटर सरासरी पंचाहत्तर मिनिटांत. पाळीला सहा. माझ्या तक्त्यात शेवटून दुसरा रकाना होता, रेटिंगचा. काम करणारा नेहमीच्या वेगानं काम करतोय की जास्त वेगानं, हे मोजणाऱ्यानं स्वतः ठरवून तिथे लिहायचं असतं. नेहमीचा वेग म्हणजे शंभर. त्यापेक्षा जोरात काम चाललं असेल तर एकशे वीस, एकशे तीस, आणि मग त्या हिशेबानं वेळ वाढवून धरायची. वर्गात हे शिकवलं होतं, त्यावर परीक्षेत प्रश्नही आला होता. मी सगळीकडे शंभर लिहिलं. नेहमीचा वेग कसा असतो हे मी पाहिलंच नव्हतं, आणि ते पाहायला हवं असं माझ्या मनात आलं नाही.

मला त्या बायका आवडल्या. दुपारच्या सुट्टीत त्या मला जवळ बसवून घेत. शालनताई माझ्या डब्यातली मेसची पोळी उचलून उजेडात धरायच्या. "पलीकडचं दिसतंय की गं. हे खाऊन तू म्यानेजर हुणार?" मग अर्धी भाकरी आणि खर्डा माझ्या झाकणात पडे. मालनबाई ताक द्यायच्या. त्यांचा मुलगा अपघातात पाय गमावून घरी बसला होता, सून दुसऱ्या पाळीला याच वसाहतीत जायची. हे मला त्यांनी सांगितलं नाही, शालनताईंनी सांगितलं. मालनबाई फक्त म्हणायच्या, "तुमी शिका. लई शिका."

पुढचे साडेसहा आठवडे मी ऑफिसात होते. आलेख, तक्ते, प्रत्येक पानावर सही. शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, कंपनीच्या मालकांसमोर सादरीकरण होतं. आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, पहिल्या स्लाइडसाठी एक चांगला फोटो हवा म्हणून मी वाइंडिंगच्या शेडमध्ये गेले.

दारात थांबले. शेडमधला आवाज वेगळा होता. एप्रिलमध्ये तिथे तारेची सतत सरसर ऐकू यायची आणि माणसाचा आवाज नसायचा. आज बायका बोलत होत्या. दोघी नळावर होत्या. सगळ्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर जोड्यांच्या नावांपुढे खडूनं कालचे आकडे होते. चार, चार, चार, चार, साडेतीन, चार.

"काल लाइट गेली होती का?" मी विचारलं.

"न्हाई की."

"मग चारच?"

शालनताई हसल्या. "रोजचं चारच अस्त्यात. तवा तू हुतीस."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? पोरीला मार्क पडायला पायजेत का नगो? पैल्या दिशीच ठरवलं आमी. च्या बंद, पाणी कमी प्यायचं, सारखं उठाय लागत न्हाई मंग. चिंध्या काढून टाकल्या. चिंधीनं तार अडकती." त्यांनी हनुवटीनं समोरच्या मालनबाईंकडे खूण केली. "हिला मी म्हणलो, तू र्‍हाऊ दे. तर ऐकंना. गोळ्या खाऊन वडत हुती तार."

मालनबाईंनी अंगठा पदराखाली घेतला. मी पुढे होऊन तो बाहेर काढला. नख काळं पडून अर्धं निघालं होतं. खालून नवं, वाकडं नख येत होतं.

"हे एप्रिलमधलं?"

"बरं झालंय आता," त्या म्हणाल्या. "तुमास्नी मार्क पडले का?"

मी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि त्यांना म्हटलं, आता करताय तसंच करा, चिंध्या ठेवा, पाणी प्या. त्या दिवशी मी दोन जोड्या मोजल्या. एकशे आठ मिनिटं आणि एकशे चौदा मिनिटं.

साडेपाचला मी शिरगावकरांच्या केबिनमध्ये गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"त्या चार करतात आणि सहा करू शकतात, हे. माझा इंजिनिअर तिथे घड्याळ घेऊन गेला तर त्या साडेतीन करून दाखवतात. तीन वेळा झालंय. म्हणून तर तुला पाठवलं. कॉलेजची मुलगी, गोड बोलणारी. तुझ्यासाठी त्या करणार याची मला खात्री होती."

"सर, त्यांनी चिंध्या काढल्या होत्या. पाणी पीत नव्हत्या. एका बाईचं नख गेलंय."

"पण सहा झाले ना?"

"आठ दिवस झाले. रोज होणार नाहीत."

"ते जुलैमध्ये कळेल. ज्यांना जमेल त्या राहतील." त्यांनी माझा रिपोर्ट पुढे ओढला आणि पानं चाळली. "रेटिंगच्या रकान्यात शंभर कुणी लिहिलंय?"

मी त्या रकान्याकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं.

"नेहमीचा वेग, असं तू लिहिलंयस. प्रत्येक पानावर सही आहे. मी एक आकडा सांगितला होता तुला? एकसुद्धा?"

खरंच सांगितला नव्हता.

रात्री प्राध्यापक उकिडव्यांना फोन केला. ते माझे इन्स्टिट्यूटमधले मार्गदर्शक. ते गाडी चालवत होते. "शर्वरी, शेवटच्या दिवशी डेटाला हात लावू नकोस. ही कंपनी दरवर्षी आपली चार मुलं घेते. आणि हे बघ, मर्यादा असतात प्रत्येक अभ्यासाला. शेवटी एक स्लाइड टाक, अभ्यासाच्या मर्यादा म्हणून. झालं."

मी टाकली. स्लाइड क्रमांक तेवीस. त्यात एप्रिलचे आणि बुधवारचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, चिंध्यांचं लिहिलं, पाण्याचं लिहिलं, आणि खाली ठळक अक्षरांत, 'या अभ्यासावरून कामाचं प्रमाण ठरवू नये.' ते वाक्य लिहिल्यावर मला झोप लागली.

गुरुवारी अकरा वाजता मालक नलवडे साहेब आले. सोबत शिरगावकर, फायनान्सचे एक जण आणि एचआरच्या बाई. मी चांगली बोलले. मला चांगलं बोलता येतं, तेच शिकायला गेले होते. बाविसाव्या स्लाइडवर उत्पादनातली वाढ होती, पन्नास टक्के, हिरव्या बाणासह. नलवडे साहेबांनी चष्मा काढला.

"शिरगावकर, हे काम बाहेरच्या सल्लागाराला दिलं असतं तर किती घेतले असते त्यानं?"

"आणि त्याच्यासमोर बायकांनी काम केलं नसतं, साहेब."

सगळे हसले. नलवडे साहेब माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी डिग्री घे आणि सरळ इकडे ये. मॅनेजमेंट ट्रेनी. एचआर तुला आजच पत्र देईल." मग चष्मा पुन्हा लावत त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अजून काही आहे का?"

रिमोट माझ्या हातात होता. अंगठा बटणावर होता. आमच्या एकशे ऐंशी जणांच्या बॅचमध्ये तोपर्यंत एकालाही नोकरीचं पत्र मिळालं नव्हतं. शिरगावकर माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही, कुतूहलानं.

"नाही, सर," मी म्हणाले. "एवढंच."

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मी निरोप घ्यायला शेडमध्ये गेले. जायला नको होतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. मालनबाईंनी पेढ्यांचा पुडा आणला होता.

"किती पडलं?" शालनताईंनी विचारलं.

"ए प्लस."

"म्हंजे?"

"पहिला नंबर."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालनबाईंनी त्या काळ्या नखाच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी धरून पेढा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला.

तीन वाजता टाइम ऑफिसच्या माणसानं फळ्याशेजारी नोटीस लावली. एक जुलैपासून प्रत्येक जोडीला पाळीला सहा स्टेटर. सलग दोन आठवडे त्यापेक्षा कमी भरल्यास करार पुढे वाढणार नाही. हे प्रमाण शास्त्रीय अभ्यासावर आधारलेलं असून अभ्यासाची प्रत सोबत जोडली आहे. जोडलेल्या पानाच्या तळाशी माझी सही होती.

पुढचं आधी सांगते, म्हणजे नंतर सांगायला उरणार नाही. मालनबाईंचा करार जुलैअखेर संपला, तो पुन्हा झाला नाही. चौदा वर्षांच्या कामाचा शेवट फळ्यावरच्या पुसलेल्या नावानं झाला. ऑगस्टमध्ये आणखी तिघी गेल्या. मी ती नोकरी नाकारली, दुसरीकडे लागले, आणि त्यानं कुणाचंही काही भलं झालं नाही, सहाचा आकडा सहाच राहिला. इन्स्टिट्यूटच्या माहितीपत्रकात माझा फोटो सात वर्षं छापला गेला. त्याखाली लिहिलेलं असे, 'विद्यार्थिनीच्या अभ्यासामुळे कंपनीच्या उत्पादनात पन्नास टक्के वाढ. विद्यार्थ्याला अनुभव, उद्योगाला ताजी दृष्टी.' यंदा त्यांच्या स्मरणिकेसाठी मला पत्र आलं. समर इंटर्नशिपचा विद्यार्थ्यांना आणि कंपन्यांना कसा फायदा होतो, यावर माजी विद्यार्थिनी म्हणून चार शब्द लिहा. चार शब्दांत ते मावत नाही. फायदा झाला, दोघांनाही झाला, हे मात्र खरं आहे.

राहिला शनिवार. माझा शेवटचा दिवस.

दहा वाजता मी सर्टिफिकेट घ्यायला निघाले होते. वाइंडिंगच्या शेडवरून जावं लागे. शालनताई दारातच उभ्या होत्या.

"आत ये."

मी आत गेले. एकही जोडी काम करत नव्हती. भिंतीवरचं माझ्या सहीचं पान काढून त्यांनी हातात घेतलं होतं.

"ही सही तुजी?"

"हो."

"आमी तुज्यासाठी पळालो, आन तू आमचंच माप काढलंस."

"ताई, मला माहीत नव्हतं. तुम्ही मुद्दाम जोरात करताय हे मला खरंच कळलं नव्हतं."

"कवा कळलं?"

"बुधवारी. तुम्ही सांगितलंत तेव्हा."

"आन साहेबाफुडं कवा गेलीस?"

"गुरुवारी."

"मंग गुरवारी काय केलंस?"

मी खाली पाहिलं. जमिनीवर तारेचे कापलेले तुकडे पडले होते.

"बोल की. तोंड हाय न्हवं? आमच्या संगं तर लई बोलायचीस."

"मी एक स्लाइड केली होती. त्यात सगळं लिहिलं होतं."

"दावलीस?"

"नाही."

"का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. एका कागदावर छापलेलं, एचआरच्या बाईंनी दिलेलं, माझ्या पर्समध्ये. मी ते सांगितलं नाही, पण शालनताईंची नजर पर्सवर गेली. त्यांचा आवाज खाली आला, आणि मला त्याची जास्त भीती वाटली.

"मालन, ऊठ. हिला बसू दे तुज्या जाग्यावर."

"शालन, जाऊ दे गं," मालनबाई म्हणाल्या. "लेकरू हाय."

"लेकरू न्हाई ती. म्यानेजर हाय. ऊठ." मग माझ्याकडे हात पुढे केला. "घड्याळ."

मी ते गळ्यातून काढून दिलं. शालनताईंनी ते मालनबाईंच्या हातात ठेवलं. कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवलं. मग मालनबाईंच्या स्टुलावर बसले. समोर रिकामं नळकांडं होतं, त्याच्या पलीकडच्या टोकाला शालनताई.

त्यांनी तार ढकलली. मी ओढली. पुढच्या खाचेत घातली, ती वाकली, अडकली. पुन्हा घातली. शालनताई थांबत नव्हत्या. त्यांच्याकडून तार ज्या वेगानं येत होती, तो एप्रिलचा वेग होता. पाचव्या मिनिटाला माझी बोटं गरम झाली, विसाव्या मिनिटाला तर्जनी चिरली.

पहिल्या जोडीतली मुलगी म्हणाली, "चिंधी देऊ का तिला?"

"कशाला?" शालनताई मान वर न करता म्हणाल्या. "आमी काढल्या हुत्या की."

थोड्या वेळानं शिपाई आला. "म्याडम, साहेब बोलावत्यात. सर्टिफिकेट तयार हाय."

"काम चालू हाय म्हणावं," शालनताई म्हणाल्या. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी मान खाली घालून तार ओढली. तो गेला.

मला तहान लागली होती, मी पाणी मागितलं नाही. तारेच्या वेष्टणावर लाल डाग पडत होते आणि ते तसेच खाचेत जात होते. बारा वाजता सुट्टीचा भोंगा झाला, तेव्हा चोवीस खाचांपैकी सात भरल्या होत्या.

शालनताई उठल्या. त्यांनी मालनबाईंकडून घड्याळ घेतलं. ते अजून चालू होतं. मला दाखवलं. एक तास बेचाळीस मिनिटं. मग भिंतीवरून काढलेलं ते पान उलटं केलं, कोरी बाजू माझ्यापुढे नळकांड्यावर ठेवली आणि फळ्याजवळचं पेन आणून दिलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "नाव लिव, टाइम लिव, किती खाचा झाल्या ते लिव. आन खाली सही कर."

"हे घेऊन कुणाकडे जाणार तुम्ही?"

"ते आमी बघू. आमी लिवलं तर त्यो नुस्ता कागुद ऱ्हातोय. तुज्या सहीला किंमत हाय."

बोटांत पेन धरता येईना. मालनबाईंनी कागदाची कड धरून ठेवली, आणि मी सही केली.